प्रवाळाच्या टाकीला कुलूप

९ जानेवारी

मासेवाल्याने सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. त्याचं म्हणणं, घरात समुद्र ठेवायचा तर रोजची नोंद हवी: पाणी किती गरम, किती खारट, काय घातलं, कोण मेलं. आठ महिने मी हे सगळं डोक्यात ठेवत आलो. पण आता घरात माणसं वाढली आहेत, तेव्हा कागदावर असलेलं बरं. उद्या कुणी कानांवर हात ठेवायला नको.

टाकी बैठकीच्या खोलीत आहे, खिडकीपासून लांब. अडीच फूट लांबीची. आत एक हातोडा प्रवाळ (त्याच्या प्रत्येक बोटाला हातोडीसारखं डोकं असतं), एक चामड्या (चामड्यासारखा जाड), बटणांचे दोन गठ्ठे आणि खडकावर पसरलेली निळी अळंबी; हीसुद्धा सगळी प्रवाळंच. शिवाय दोन नारिंगी मासे, एक पट्टेवाली कोळंबी, सात गोगलगायी. ही प्रवाळं एकमेकांपासून अंतर राखून ठेवावी लागतात. एकाचं अंग दुसऱ्याला लागलं की डंख मारतात. म्हणून मी प्रत्येकाची जागा ठरवून दिली आहे आणि आठ महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

गेल्या रविवारी लेक आणि जावई राहायला आले. तीन बॅगा. "तीन-चार महिने राहू बाबा, तिकडून फार लांब पडतं," लेक म्हणाली. काय लांब पडतं, ते तिने सांगितलं नाही. आमची ही लगेच "राहा गं" म्हणून मोकळी झाली, म्हणजे हिला ठाऊक आहे. मला कुणी विचारलं नाही.

चाळीस वर्षं मी कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवतो आहे. माणूस दारात येऊन "किल्ली हरवली हो" म्हणतो, तेव्हा त्यात खरं किती नि बनाव किती, हे मला तो कसा उभा आहे त्यावरून कळतं. या दोघांचं उभं राहणं मला सरळ वाटलं नाही.

जावई पोहायला शिकवतो. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडायची सवय, त्यामुळे घरातही हळू बोलता येत नाही. शेजारच्यांना आमच्याकडे पाहुणा आल्याचं त्याच्या 'नमस्कारा'वरूनच कळलं. आणि अंगाला, कपड्यांना तलावातल्या औषधाचा वास. तेच औषध थेंबभर टाकीत गेलं तर प्रवाळांचा खेळ खलास. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं उगाच म्हणत नाहीत.

१२ जानेवारी

उष्णता साडेपंचवीस. खारटपणा बरोबर. हातोडा पूर्ण फुललेला. जावई अर्धा तास टाकीसमोर उभा होता. काही बोलला नाही. त्याच्यासारखा माणूस अर्धा तास गप्प राहतो, हे नोंदवून ठेवतो.

१५ जानेवारी

टाकीतल्या पाण्याची वाफ होते. रोज कडेवरच्या खुणेपासून पाणी दोन बोटं खाली उतरतं आणि संध्याकाळी मी ते गाळलेल्या गोड्या पाण्याने भरून काढतो. आज दुकानातून आलो तर पाणी नेमकं खुणेवर.

"मीच घातलं बाबा!" जावई आतून ओरडला. "कमी दिसलं, म्हटलं तुमचा त्रास वाचेल."

"कुठलं पाणी घातलंत?"

"नळाचं."

नळाच्या पाण्यातही तेच तलावातलं औषध असतं. मी बादली काढली आणि अर्ध्या टाकीचं पाणी बदलायला बसलो. त्याला चूक कळली तेव्हा त्याने तीनदा माफी मागितली. एकदा मागतात ती चुकीबद्दल. तीनदा मागतात ती कशाबद्दल, ते बघावं लागेल. ही म्हणाली, "अहो, मदत करायला गेला बिचारा." बिचारा! हिच्या लेखी जगात मी सोडून सगळे बिचारे.

१८ जानेवारी

झाकणाला कुलूप बसवलं. दुकान बंद ठेवून दिवसभर तेच केलं आणि काम मनासारखं झालं. खाऱ्या हवेत लोखंड आठवड्यात गंजेल, म्हणून सगळं पितळेचं: कडी, कोयंडा, स्क्रू आणि माझ्या हातचं पाच लिव्हरचं कुलूप. जागाही विचार करून निवडली. मागच्या कोपऱ्यात, गाळणीचं पाणी परत टाकीत पडतं त्याच्या अगदी वर. कोयंडा आतून बसवला, म्हणजे बाहेरून पेचकस लागायलाच नको. कुलूप झाकणाच्या खाचेतून अर्धं आत लोंबतं.

"माशांना कुलूप?" हिने विचारलं. "पळून जाणार आहेत का?"

"मासे नाही."

हिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून आत गेली. जावई मात्र जवळ येऊन वाकून बघत राहिला. "काय सुरेख काम आहे बाबा! असं पितळ हल्ली बघायला मिळत नाही." गिऱ्हाईक कुलपाचं कौतुक करतं तेव्हा किंमत विचारतं. किंमत न विचारता कुलूप निरखणारे निराळे असतात.

२ फेब्रुवारी

दोन गोगलगायी मेल्या. उष्णता ठीक, खारटपणा ठीक. कोळंबी सकाळी खायला आली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ फेब्रुवारी

कोळंबी गेली. खडकामागे आडवी पडलेली सापडली. टाकीइतकीच जुनी होती. हात टाकीत घातला की बोटावर येऊन बसायची आणि नखं साफ करायची. वाईट वाटलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "मेल्या कोळंबीसाठी डोळ्यांत पाणी आणता, आणि पोटच्या पोरीशी चार शब्द नीट बोलत नाही." मी म्हटलं, पोटची पोर चार शब्द खरं बोलेल तर मीही बोलेन.

कुलूप जागच्या जागी आहे. फोडल्याची, खरवडल्याची खूण नाही. म्हणजे दुसरी किल्ली केलेली आहे. किल्लीच्या भोकाभोवती आणि खाली कडीवर हिरवट ओल दिसली, पुसली तर फडक्याला लागली. ओल्या हातांनी खटपट केली असणार. ओले हात घरात कुणाचे असतात हे सांगायला नको.

आता दुसरं, मोठं कुलूप लावलं. जुनंही राहू दिलं. दोन उघडायला दुप्पट वेळ लागेल.

१६ फेब्रुवारी

गोगलगायी आतापर्यंत एकूण पाच गेल्या. हातोडा अर्धाच उघडतो, बटणं दिवसभर मिटलेली. मासे मात्र ठणठणीत.

जेवताना जावईच म्हणाला, "बाबा, मासे ठीक आहेत आणि बिनहाडाचेच मरताहेत. मी जरा वाचलं. पाण्यात तांबं असलं तर असं होतं म्हणे. चाचणी करून बघू या का? मी घेऊन येतो लागणारं सामान."

"नको," मी म्हणालो. "माझं मी बघेन."

तो "बरं" म्हणाला आणि खाली मान घालून जेवला. लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी

विष कोणतं हे वैद्याच्या आधी ज्याला कळतं, त्यानेच ते दिलेलं असतं.

२४ फेब्रुवारी

फ्रिजमध्ये एक डबा आहे. माझं टाकीचं सामान तिथेच असतं (प्रवाळांचं गोठवलेलं खाद्य, चाचणीचे थेंब), म्हणून दिसला. पत्र्याचा, वहीएवढा, आणि त्याला नखाएवढं कुलूप. कुलूपवाल्याच्या घरात, कुलूपवाल्यापासून लपवायला कुलूप! असलं कुलूप मी शिंक यायच्या आत उघडतो. हसावं की रडावं कळेना.

रोज संध्याकाळी बरोबर आठ वाजता लेक आणि जावई तो डबा घेऊन खोलीत जातात. दार लागतं. आज मी दाराजवळून चाललो होतो. (चाललोच होतो. कान लावला नव्हता.) आत जावई हळू आवाजात मोजत होता: "एक... दोन... तीन." मग काही नाही. मग लेक म्हणाली, "झालं?" दहा मिनिटांनी बाहेर आले. लेकीचा चेहरा उतरलेला, जावयाने हात धुतले. येताना दोघांची नजर टाकीकडे गेली.

हिला विचारलं, "त्या डब्यात काय आहे?"

"औषध."

"कुणाला काय झालंय?"

"काही होत नाहीये, म्हणूनच," ही म्हणाली आणि कणीक मळायला लागली. मी पुन्हा विचारलं तर, "तुम्ही आपले तुमचे मासे बघा." मायलेकी मिळून मला वेड्यात काढतात.

५ मार्च, गुरुवार

डबा उघडला. दोघं बाहेर गेले होते, ही शेजारी. फार वेळ लागला नाही.

आत सुया, सिरिंजा, कापूस. दोन तऱ्हेच्या छोट्या बाटल्या. प्रवाळांना खाद्य भरवायला मीही सुई काढलेली सिरिंजच वापरतो, नेमक्या तसल्याच. बाटल्यांतली एक वेगळी, अगदी तळाशी, निळ्या झाकणाची, कागदात गुंडाळलेली. लेबलवरचं नाव इतकं बारीक की चष्म्यानेही वाचता येईना. 'थंड जागी ठेवा' एवढं कळलं. कागदावर मात्र लेकीचं अक्षर: शनिवार, बरोबर ८.

शनिवारी मी टाकीचं पाणी बदलतो. त्या दिवशी झाकण दोन तास उघडं असतं. हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अक्षर लेकीचं. जावई परका, त्याचं एक वेळ समजू शकतो. पण लेकीला सायकलवर पुढे बसवून मी शाळेत सोडत होतो. काय चुकलं माझं? टाकी बैठकीच्या खोलीतली जागा अडवते म्हणून? की मी त्याच्याशी नीट बोलत नाही म्हणून? उघड भांडायचं होतं. मुक्या जिवांनी काय केलंय?

निळी बाटली काढून घेतली. बाकीचं होतं तसं ठेवलं, कुलूप लावलं. बाटली दुकानात, कोऱ्या किल्ल्यांच्या खणात ठेवली आहे. पुरावा हातात असावा.

७ मार्च, शनिवार

आठ वाजता दोघं डबा घेऊन आत गेले. मी टाकीसमोर बादली-नळी घेऊन बसलो होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग डबा उपडा केल्याचा आवाज. मग लेकीचा आवाज, मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता: "मोजून दिल्या होत्या तुझ्याकडे! तूच ठेवल्यास! एकच होती ती!"

जावई काहीतरी हळू म्हणत होता. पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मग तो धावत बाहेर गेला, पायात एक त्याची आणि एक हिची चप्पल. अर्ध्या तासाने परत आला, फोनवर कुणाला तरी विनवत होता, पुन्हा गेला. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी येऊन जिन्याखालचा कचऱ्याचा डबा उपसायला बसला. पुरावा कुठे गेला म्हणून घाबरला असणार. चोराच्या मनात चांदणं.

ही लेकीच्या खोलीत गेली, जेवणाची वेळ टळली तरी बाहेर आली नाही. मी टाकीचं पाणी सावकाश बदललं. कुणी आडवं आलं नाही. कितीतरी दिवसांनी शांत वाटलं.

९ मार्च

लेक दोन दिवस उठलेली नाही. जावई तिच्याशी बोलायला जातो, ती भिंतीकडे तोंड करते. चोरांची भांडणं लागली की मालकाला मुद्देमाल मिळतो, असं आमच्या बाजारात म्हणतात.

जेवताना मी सहज विचारलं, "काही हरवलंय का, जावईबापू?"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "हो बाबा. माझ्याच हातून."

कबुली. तारखेनिशी लिहून ठेवली.

१५ मार्च

चामड्याने कातडं टाकलं आणि खालून काळा निघाला. माझा तोल गेला. जावई बैठकीत बसला होता. मी विचारलं, "बाटलीत काय होतं? माझ्या टाकीत काय घालत होतात तुम्ही इतके दिवस?"

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं तसा तो उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला खरंच असं वाटतं?" एवढंच. तेही हळू.

लेक दारात उभी होती. केस विंचरलेले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "सामान बांधते," म्हणाली.

दुपारी गेले. तीन बॅगा. ही खाली रस्त्यापर्यंत गेली. मी दोन्ही कुलपं तपासली. आणखी हिरवी झाली आहेत. आता होणार नाहीत.

बाटलीचं नाव मी कसं काय घेतलं, हे मात्र तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. कर नाही त्याला डर कशाला, असं असतं तर त्यांनी विचारलं असतं.

२२ मार्च

उरलेल्या गोगलगायी गेल्या. जावयाने जाण्याआधी शेवटचा हात मारला असेल. ओसरेल हळूहळू.

२९ मार्च

ओसरत नाही. हातोड्याची चार डोकी गळून पडली. बटणांचा एक गठ्ठा वितळला.

दोन आठवडे घरात माझ्याशिवाय दुसरं माणूस नाही. म्हणजे एक आहे. आज दिवसभर हिच्यावर लक्ष ठेवलं. सकाळी टाकीवरून फडकं फिरवलं, दुपारी जवळ खुर्ची घेऊन निवडत बसली होती, दोनदा काचेकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हिने मला कधी फसवलं नाही. पण मग हिने माझ्यापासून काय काय लपवलंय, हे मला कसं कळणार?

हे लिहिलं आणि वाचलं. वाचून बरं वाटलं नाही.

३१ मार्च

संध्याकाळी हिने सरळ विचारलं, "माझ्यावर पाळत ठेवताय का?"

मी वही मिटली.

"बोला की. आता घरात मीच उरले ना? साप साप म्हणून भुई धोपटायची सवय लागली आहे तुम्हाला." मग टाकीच्या मागे गेली. "आणि हे काय लोंबतंय? शी! केवढं कळकलंय!"

"काय कळकलंय?"

"हे पितळ. आंबट-खारट काही पितळेत ठेवलं की कळकतं, हे माझ्या आईने मला सातव्या वर्षी शिकवलं. त्या भांड्यातलं खाल्लं तर माणूस ओकून ओकून मरेल. कल्हई केल्याशिवाय पितळेत मीठ घालतं का कुणी? आणि तुम्ही मिठाच्या पाण्यावर टांगलंय!" तिने बोट लावलं. बोट हिरवं. खाली कडीच्या टोकाला एक हिरवा थेंब लटकत होता. आम्ही दोघं बघत असताना तो टाकीत पडला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हे मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं माझ्या नखांत पितळेचा भुगा आहे. हात न धुता पाण्यात घालू नये हे जपलं, आणि अख्खं कुलूप पाण्यावर टांगलं. एक पुरलं नाही म्हणून दुसरं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण मी घातलं होतं.

२ एप्रिल

मासेवाल्याकडे बाटलीभर पाणी नेलं. त्याने थेंब टाकले, पाणी गडद निळं झालं. "तांबं," तो म्हणाला. "भरपूर. घरात पितळेचं काही आहे का टाकीजवळ?" मी म्हटलं, होतं. त्याने पुढे विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

कुलपं, कडी, कोयंडा, स्क्रू सगळं काढलं. निम्मं पाणी बदललं. तांबं शोषून घेणारी पुरचुंडी गाळणीत ठेवली. हातोड्याची तीन डोकी शिल्लक आहेत. मासे माझ्याकडे नेहमीसारखेच बघतात.

म्हणजे जावयाने टाकीला काही केलं नव्हतं. चाचणी करू या म्हणाला होता, सामान मी आणतो म्हणाला होता. मग बाटली कसली होती?

४ एप्रिल, शनिवार

हिला सांगितलं की टाकीच्या बाबतीत माझी चूक झाली. ही पोळपाट बाजूला ठेवून खाली बसली. मला वाटलं, ऐकवेल. ती रडायला लागली.

"आता काय उपयोग? त्यांचं मोडलं ना. ती उद्या सकाळी येतेय. एकटी. कायमची."

मग तिने सांगितलं. लेकीला मूल राहत नाही. इथल्या इस्पितळात इलाज चालला होता, तिकडून लांब पडायचं ते हे. रोज संध्याकाळी आठला पोटात सुई. लेकीला सुईची भीती, म्हणून जावई तीनपर्यंत मोजायचा आणि मग टोचायचा. दोन महिने. शेवटची सुई सगळ्यांत महत्त्वाची, ठरल्या मिनिटाला द्यायची. ती चुकली की आधीच्या सगळ्या पाण्यात. ती एकच होती आणि तीच हरवली. त्या संध्याकाळी गावातल्या एकाही दुकानात मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, या खेपेचं संपलं.

"बाटल्या सांभाळायचं काम त्याचं होतं. ती म्हणते, एवढीशी बाटली ज्याला सांभाळता येत नाही, तो मूल काय सांभाळणार. तो म्हणतो, चूक माझीच. महिनाभर दोघं बोलत नाहीत."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हाला?" हिने डोळे पुसले. "दोन वर्षांपूर्वी तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? दोष कुणात आहे ते आधी तपासा, म्हणाला होतात. जावयासमोर."

म्हणालो होतो. आठवलं.

हिला अजून माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. दुकानात जाऊन खण उघडला. बाटली आहे तिथेच होती. वर बोटभर भुगा बसला होता.

खरं लिहायचं म्हणून ही वही सुरू केली, तर लिहितो. मी पहिला विचार असा केला: लेक घरी येतेय. जावई येत नाही. मी गप्प बसलो तर काही बिघडत नाही, जे बिघडायचं ते बिघडून गेलं आहे. दुकानाचं शटर ओढेपर्यंत मी हाच विचार करत होतो.

५ एप्रिल

लेक दहाला आली. एक बॅग. वाळली आहे. हिने पाणी दिलं, ते तसंच हातात धरून ती टाकीसमोरच्या खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय."

"माहितेय बाबा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुमचंच खरं निघालं. तुम्हाला तो पहिल्यापासून पटला नव्हता. बेजबाबदार आहे, म्हणायचात. मी भांडले तुमच्याशी. माझं चुकलं."

लग्नाला पाच वर्षं झाली. पाच वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. आणि खोटं का लिहू, ते कानांवर पडलं तेव्हा क्षणभर गोडच लागलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

मी खिशातून बाटली काढून तिच्यासमोर धरली.

तिला कळायला वेळ लागला. आधी चेहरा उजळला, सापडली म्हणून. "कुठे मिळाली?"

"माझ्याकडेच होती. मीच घेतली."

"म्हणजे... फ्रिजमध्ये बाहेर पडली होती का?"

"नाही. डब्यातून."

"डब्याला कुलूप होतं, बाबा."

"हो," मी म्हणालो. "मी उघडलं. मला वाटलं तुम्ही टाकीत विष घालताय."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. हिने ऐकलं होतं. लेक मात्र ओरडली नाही. ग्लास खाली ठेवला, बाटली माझ्या हातातून घेतली, पदराच्या टोकाने पुसली. मग म्हणाली, "त्याने तीन दिवस कचरा उपसला. उघड्या हातांनी. काच लागून बोट कापलं त्याचं. आणि मी त्याला म्हटलं, शोधायचं नाटक करू नकोस."

माफी मागावी, पण किती वेळा ते कळेना.

तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. तिने तोंड उघडलं आणि तिला रडूच कोसळलं, एक शब्द फुटेना. त्याचा आवाज पहिल्यापासून मोठा. खोलीभर ऐकू आला.

"काय झालं? अगं, बोल ना! बाबा बरे आहेत ना? बाबांना काही झालं का? मी निघतोय, तू घाबरू नकोस, मी आत्ता निघतोय!"

"नको," ती कशीबशी म्हणाली. "मीच येतेय."

बाटली पर्समध्ये ठेवली. हिच्या गळ्यात पडली, "येते गं आई" म्हणाली. मला काही म्हणाली नाही. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. बॅग जड होती, तिचा खांदा एका बाजूला झुकला होता. मी हात पुढे केला. तिने बॅग दिली नाही.